एकतीस जपानी खून आणि मागच्या खोलीचं दार

तारीख नऊ नोव्हेंबर, वार शनिवार. रक्कम चौदाशे रुपये, सुताराने तोंडी सांगितलेली. हजर: मी, माझी बायको, अकरावीत शिकणारी आमची मुलगी, माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, आणि साडेतीन ते पावणेचार एवढा वेळ तो सुतार. या पाचांपैकी एकही माणूस मागच्या खोलीत नव्हता, आणि तरीही मागच्या खोलीचं दार आतून बंद होतं.

हे लक्षात आलं दुपारी दीड वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कटंगीहून माझी बहीण आणि तिचा नवरा येणार होते आणि पाहुण्यांच्या गाद्या, चादरी, मच्छरदाण्या त्याच खोलीत असतात. बायको गाद्या काढायला गेली आणि दार उघडेना. सकाळी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तेलाचे थेंब सापडल्यामुळे ती आधीच नाराज होती, त्यात हे. तिने मला हाक मारली. मी जोर लावला. दार हललं नाही. मग मी घरातली माणसं मोजली. चार. चारही जण दारासमोर उभे होते.

बायकोने तरीही दार वाजवलं आणि आवाज चढवून विचारलं, "कोण हाय अंदर?" मी हसलो, ते तिला आवडलं नाही.

खोली दहा फूट बाय साडेनऊ. खिडकी एकच, तिला लोखंडी गज, आणि डासांमुळे तिची दारं आतून कडी लावून घेतलेली. खिडकी आणि शेजाऱ्यांची भिंत यांमधलं अंतर चौदा इंच. तिथून माणूस जाऊ शकत नाही. मी जाऊन पाहिलं. पोटापर्यंत जातो, पोटाच्या पुढे नाही. वर स्लॅब. खोलीला दुसरी वाट नाही.

एवढी पाहणी करून मी परत आलो तेव्हा मुलगी दारासमोर मांडी घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो अशा प्रसंगी शोभणारा नव्हता.

"पप्पा, ये तो बंद कमरे वाला केस है."

मी म्हटलं, फक्त खून झालेला नाही.

"होईल आता," बायको म्हणाली.

आता त्या एकतीस खुनांबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मुलीने परीक्षेत चांगले गुण मिळवले म्हणून एक पुस्तक मागवू दिलं. आलं ते जपानी चित्रांचं पुस्तक, इंग्रजीत भाषांतर केलेलं. याला मंगा म्हणतात, हे तिने मला तीन वेळा सांगितलं. त्यात एक चष्मेवाली बाई आहे, ती टपाल खात्यात पार्सलं वाटते आणि जिथे पार्सल द्यायला जाते तिथे माणूस मेलेला असतो, खोली आतून बंद असते. अशा बाईकडून पार्सल घ्यायचं लोक बंद का करत नाहीत, ही माझी पहिली शंका होती. उत्तर अजून मिळालेलं नाही.

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणजे आपल्या हिशोबाने मागून पुढे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पहिला भाग नेहमीच्या सवयीने उघडला आणि चार दिवसांत नेटाने पूर्ण केला. पहिल्याच पानावर एक माणूस रडत गुन्हा कबूल करत होता. मग पोलीस आले, मग तपास झाला, मग रक्त, आणि हळूहळू सगळे मेलेले उठून बसले, एकत्र जेवले आणि शेवटी बोटीत बसून आपापल्या घरी परत गेले. मला ते वेगळं वाटलं, पण वाईट वाटलं नाही. जेवताना मी म्हणालो की शेवट चांगला केला आहे. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. बायकोने तिच्या पाठीवर थापटलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली की माणसाने जिथे समजत नाही तिथे वाचू नये.

नऊ तारखेपर्यंत घरात चौदा भाग झाले होते. मी मोजलेले खून एकतीस, पैकी बंद खोलीतले बावीस. बाकीचे नऊ उघड्यावर झाले, ते आमच्या घरात कोणी फारसे मनावर घेत नाही.

या पुस्तकांचं वेड मुलीपुरतं राहिलं असतं तर मी इथे लिहिलं नसतं. पण त्यात माझे वडील पडले. बाबा आयुष्यभर सुतार होते. शिक्षण चार वर्ग, इंग्रजीचा गंध नाही. चार वर्षांपासून त्यांचे हात फारच थरथरतात, त्यामुळे अवजारं पेटीत आणि पेटी पलंगाखाली. रोज दुपारी चहा झाला की छपरीत बसून नात त्यांना पुस्तक सांगायची, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. ते चष्मा पुसून चित्रं बघायचे आणि मध्येच हात वर करून तिला थांबवायचे.

दुसऱ्या भागात समुद्राकाठच्या एका बंगल्यातला खून होता. पोलीस दारासमोर डोकं धरून उभे. बाबांनी चित्र जवळ घेतलं, लांब धरलं, आणि म्हणाले, "बिजागऱ्या तं बाहेरून हायेत. खिळे काढले की दार हातात येते. हे लोक रडून काहून राह्यले?" मुलीने पुढे वाचलं. बावीस पानांनंतर चष्मेवाल्या बाईने तेच सांगितलं. त्या दिवसापासून आजोबा आणि नात यांची जोडी जमली. उलगडा सुरू होण्याआधीच्या पानावर ते विजेचं जुनं बिल खूण म्हणून घालत आणि दोघं आपापला अंदाज सांगत. मग मलाही बोलावू लागले, कारण कुणीतरी हरायला हवं होतं. बावीस बंद खोल्यांपैकी बाबांनी नऊ उघडल्या, मुलीने सात, मी चार. उरलेल्या दोन बाद धराव्या लागल्या, कारण बायकोने धूळ झटकताना शेवटचं पान पाहिलं आणि भाजी वाढता वाढता खुन्याचं वर्णन सांगून टाकलं.

मी या पुस्तकांना आधी नावं ठेवली आहेत, म्हणून आता खरं काय ते सांगणं भाग आहे. मला ती आवडू लागली. कारण मी शोधलं. नुसत्या शब्दांच्या गोष्टीत लेखक लिहितो की दार बंद होतं, आणि मी ते मानतो, कारण मला दुसरा इलाज नसतो. इथे दार समोर उभं असतं. बिजागरी दिसते, कडी दिसते, खालची फट दिसते, पायपुसणं किती सरकलं ते दिसतं. चित्र काढणाऱ्याला काही लपवायचं तर तेही काढूनच लपवावं लागतं. तो ती वस्तू एका कोपऱ्यात बारीक काढून ठेवतो आणि शेजारच्या मोठ्या चौकटीत कुणाला तरी किंचाळायला लावतो. आपण किंचाळणाऱ्याकडे बघून पान उलटतो. शेवटी कळतं, मग मागे जाऊन बघावं तर वस्तू होती तिथेच असते, आपल्या नाकासमोर. माझी नोकरी रस्त्याखालच्या मोऱ्या आणि पूल यांची मापं घेण्याची आहे. तिथे कोणी फसवलं की मला राग येतो. इथे फसवलं की पुन्हा पान उलटून बघावंसं वाटतं.

दुसरं असं की इथे जे बंद होतं ते उघडतं. पान चाळीसला खोली बंद, पान एकशे नव्वदला उघडी. आमच्या गावात अडकलेली किती कामं मोजून दीडशे पानांत सुटतात?

आणि मेलेल्यांची भीती म्हणाल तर ती अजिबात वाटत नाही. मेलेल्यासाठी कोणी दोन पानांच्या वर रडत नाही. बाबांची तक्रार तीच होती. इतके मेले, पण एकाच्याही तेराव्याला पंगत बसली नाही. जपानी सुतारकामावर मात्र त्यांची मर्जी बसली. तिथे खोली किती मोठी हे चटयांत सांगतात, सहा चटयांची खोली, आठ चटयांची खोली. हे त्यांना माझ्या मीटर-सेंटिमीटरपेक्षा शहाणपणाचं वाटलं. सरकत्या दाराच्या खाचेत काठी घालून ते बंद करतात, हे पाहून तर ते म्हणाले की आपल्या गोठ्याला असंच होतं, आपण उगाच त्याला गावठी म्हणायचो.

तर, मागच्या खोलीचं दार.

सुतार साडेतीनला आला. तिशीतला, कामाचा माणूस, सोबत विजेवर चालणारी करवत. त्याने दार ठोकून पाहिलं, फटीत पट्टी सरकवून पाहिली आणि सांगितलं की कापल्याशिवाय गत्यंतर नाही. मधली फळी चौकोनी कापायची, हात घालून कडी काढायची, मग त्या जागी प्लायचा तुकडा बसवायचा. चौदाशे. त्याला एका राइस मिलमध्ये आणखी एक काम होतं, ते उरकून तो पाचला परत येणार होता. मी होकार दिला. पाहुणे सकाळी येणार होते, आणि त्यांना उघड्या फरशीवर झोपवता येत नव्हतं.

होकार देऊन वळलो तर बाबा मागे उभे होते.

हे दार त्यांचं शेवटचं. नऊ वर्षांपूर्वी नातीसाठी ही खोली वाढवली तेव्हा त्यांनी ते केलं. सागाची मधली फळी एकसंध आहे, बावीस इंच रुंद, जोड नाही. लाकूड डेपोच्या लिलावातून त्यांनी ती स्वतः निवडून आणली होती, आणि तेवढ्या रुंदीची फळी पुन्हा त्यांच्या हाताला लागली नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात पटाशी घसरल्याची एक खूण आहे. हात थरथरायला तेव्हाच सुरुवात झाली होती, हे त्या खुणेवरून आम्हाला नंतर समजलं. सकाळी न्हाणीकडे जाताना ते त्या फळीवरून तळहात फिरवून पुढे जातात. कोणी पाहत नाही असं त्यांना वाटतं.

"कापू दे," ते मला म्हणाले. "दारच तं हाय. लेकरं झोपतीन कुठं?"

लेकरं म्हणजे माझी एकावन्न वर्षांची बहीण आणि तिचा नवरा. एवढं बोलून बाबा छपरीत गेले आणि खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. एक ऑटो उभा होता, तोही रिकामा.

मुलीने ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची मघाची मौज गेली. ती म्हणाली, "पप्पा, पाच वाजेपर्यंत दाराला कोणी हात लावायचा नाही. आबाजींचं दार कापू देणार नाही मी."

पावणेचार वाजले होते. मी घड्याळ पाहून सांगितलं की पंच्याहत्तर मिनिटं आहेत.

तिने वही घेतली आणि पानावर चौकटी आखल्या, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक चौकटीत दिवसाचा एक तास आणि त्या तासाला घरातलं कोण कुठे. मग तिने एकेकाला समोर बसवून जबानी घेतली. बाबांना छपरीतून उठवून आणलं. ते नाखुशीने आले, पण आले, कारण तिने त्यांना साक्षीदार नव्हे तर मोठे साहेब म्हणून बोलावलं.

बायकोने सुरुवातीला जबानी द्यायला नकार दिला. तिला पोळ्या, पाहुणे, आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याला लागणारी बिनमिठाची भाजी, एवढं सगळं होतं. मग कणीक मळता मळता तिने सांगितलं की बारा वाजता ती खोलीत गेली होती. दोन ब्लँकेटं उन्हात टाकायला बाहेर काढली. दोन्ही हात भरलेले होते, म्हणून दार पायाने ओढून घेतलं.

"मी ऐकलं," बाबा म्हणाले. "लाथ मारली तू दाराले, सूनबाई."

"ओढलं, मामाजी. लाथ नाही मारली."

"आवाज तं लाथेचाच होता."

मुलीने बाराच्या चौकटीत आईचा पाय काढला, फक्त पाय, आणि त्याच्याभोवती आवाजाच्या रेषा. बायकोने ते पाहिलं आणि स्वतःच्या पायाकडे पाहिलं. चित्रातला पाय जाड काढला आहे एवढंच ती म्हणाली.

म्हणजे बारानंतर आत कोणी गेलं नव्हतं, आणि शेवटी बाहेर आलेल्या माणसाचे दोन्ही हात भरलेले होते. कडी कोणी लावलीच नव्हती. मुलगी उठली आणि तिने दाराच्या वरच्या कोपऱ्यावर हात ठेवून ढकललं. दार बोटभर हललं. मधोमध ढकललं, थोडं हललं. मग खाली बसून तिने खालच्या कोपऱ्यावर ढकललं. तिथे दगड. नवव्या भागात चष्मेवाल्या बाईने गोदामाचं दार असंच तपासलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो की यात काय मोठंसं. पण त्या दुपारी दीड ते पावणेचार मी त्याच दारावर चार वेळा खांदा लावला होता, चारही वेळा मधोमध.

"तळचा बोल्ट," बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज वेगळा होता.

बाबांच्या प्रत्येक दाराला आतून तळाशी एक उभा बोल्ट असतो. सळई खाली सोडली की फरशीतल्या भोकात जाते. पण आमच्याकडे तो कोणी लावत नाही. वाकावं लागतं. नऊ वर्षांत भोकात धूळ बसून ते बुजलं होतं आणि बोल्ट गंजून वरच अडकला होता. सुटला असता तरी खाली गेला नसता.

मुलीने पेन्सिल कानावर ठेवली. चष्मेवाली बाईही पेन्सिल कानावर ठेवते. "मग आजच कसा गेला?"

 त्याचं कारण मला एकट्याला कळायला लागलं होतं, म्हणून मी घड्याळात किती वाजले ते पुन्हा पाहिलं.

मुलगी फरशीकडे बघत होती. मग आईकडे वळून तिने विचारलं की सकाळी तेलाचे थेंब नेमके कुठे कुठे होते. बायकोने हात पुसले आणि जागा दाखवल्या: पुढच्या दाराशी, बैठकीच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या दाराशी, न्हाणीशी आणि मागच्या खोलीशी. पाच जागा. पाचही दारांच्या आतल्या बाजूला, तळाशी.

मुलीने शेवटची चौकट काढली. या पुस्तकांत खुनी कोण हे कळेपर्यंत त्याला पूर्ण काळा रंगवतात, नुसती माणसाची सावली, चेहरा नाही. तिनेही तसंच काढलं. पण त्या काळ्या माणसाला पोट होतं, आणि त्याच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती. वही तिने आधी बाबांना दाखवली, मग आईला, मग मला.

बायको म्हणाली की पोट बरोबर आलं आहे.

मी गुन्हा कबूल केला. दरवर्षी दिवाळीची घाई संपली की पहिल्या मोकळ्या शनिवारी मी घरातल्या सगळ्या कड्या आणि बिजागऱ्यांना तेल देतो. कड्या आणि बोल्ट मिळून एकोणीस, बिजागऱ्या सव्वीस. पण एकोणीस हा आकडा पूर्ण नव्हता, कारण तळचे पाच बोल्ट मी दरवर्षी वगळत आलो होतो आणि ते मला टोचत होतं. यंदा मी तेही घेतले. स्क्रूड्रायव्हरने पाचही भोकं साफ केली, गंज काढला, तेल सोडलं, बोल्ट वर-खाली करून पाहिले आणि वर अडकवून ठेवले. डायरीत नोंद केली: चोवीस पूर्ण. तेल पिऊन सैल झालेला तो बोल्ट बायकोच्या पायाच्या एका दणक्यात खाचेतून निसटला आणि मी स्वतः साफ केलेल्या भोकात नीट जाऊन बसला.

मुलीने डायरी आणून ती नोंद मोठ्याने वाचली. पुराव्याच्या बाजूने ती फार चांगली नोंद होती, वेळेसकट.

पण खुनी सापडल्याने दार उघडत नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

दाराखाली फट आहे, साधारण आठ मिलिमीटर. कपडे वाळत घालायच्या तारेचा जाड तुकडा घरात होता. मुलीचं म्हणणं असं की तारेचं एक टोक काटकोनात वाकवायचं, तो वाकवलेला हात फरशीवर आडवा ठेवून फटीतून आत सरकवायचा, मग बाहेरून तार पिळायची. आतला हात घड्याळाच्या काट्यासारखा वर उठेल आणि बोल्टच्या मुठीला खालून ढकलेल. हे तिने कुठल्या भागातून घेतलं असं मी विचारलं. ती म्हणाली, कुठल्याच नाही, पुस्तकात दोरा आणि बर्फ असतो, आपल्याकडे तार आहे.

त्यासाठी मूठ जमिनीपासून किती उंच आणि दाराच्या कडेपासून किती आत हे माहीत हवं होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी डायरी उघडली. त्यात पाचही बोल्टांची लांबी होती, जाडी होती, धातू होता. बोल्ट दारावर कुठे बसवला आहे हे एका शब्दाने नव्हतं.

"बोल्ट हलते, जागा हलते का?" बाबा म्हणाले. "जागा कोन लिहीन."

आणि ते खाली बसले, भिंतीला धरून, थांबत थांबत. त्यांनी थरथरणारा उजवा हात दारावर टेकवला. टेकला की तो हात थांबतो, हे मला माहीत नव्हतं. कडेपासून चार बोटं मोजली आणि जमिनीपासून सहा. "इथं हाय. माह्या समद्या दाराले इथंच असते." मी खडूने खूण केली. मुलीने पट्टी लावली आणि तार त्या मापाने वाकवली.

आधी स्वयंपाकघराच्या दारावर तालीम झाली, कारण तेही बाबांचंच, मापही तेच. बोल्ट खाली सोडला, मी आत, मुलगी बाहेर. पहिल्यांदा तार मुठीच्या मागून निसटली. दुसऱ्यांदा लागली पण घसरली. मुलीने टोकाला पक्कडीने छोटी खाच केली. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांसमोर तारेचा काटा फरशीवरून उठला, मूठ वर चढली आणि दार माझ्या कपाळावर आलं. बायकोने स्वयंपाकघर मोकळं करायला सांगितलं.

मागच्या खोलीशी चार पंचवीसला सुरुवात केली. इथे आत कोणी नव्हतं, त्यामुळे लागलं की नाही हे कसं कळणार? बाबांनी कान फळीला लावला. मुलगी पिळत होती, मी वरचा कोपरा धरून दार स्थिर ठेवत होतो, बायको पोळपाट घेऊन उभी होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मांगं गेली. परत घे, माय."

पुन्हा.

"हौ, लागली. आता सावकाश. पिळू नको, उचल. उचल." बाबांनी डोळे मिटले होते. "चढून राह्यली. चढली. ढकल रे."

मी ढकललं. दार उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही, बिजागऱ्यांना सकाळीच तेल दिलेलं होतं.

आत काही नव्हतं. गाद्या, चादरी, मच्छरदाण्या आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने चौदा भाग. फरशीवर, भोकाशेजारी, एक तेलाचा थेंब. मी एवढंच म्हणालो की तेल दिलेलं नसतं तर बोल्ट असा सहज वर आला नसता, हेही नोंदवावं.

"पप्पा, तेल नसतं तर तो पडलाच नसता," मुलगी म्हणाली.

बाबा जमिनीवरच बसून होते. त्यांनी तळहात फळीवर ठेवला, कोपऱ्यातल्या त्या पटाशीच्या खुणेपर्यंत नेला आणि तिथेच राहू दिला. आज सगळे पाहत होते, तरी काढला नाही.

सुतार पाचला बरोबर आला. उघडं दार पाहून त्याने करवत खाली ठेवली आणि कसं उघडलं ते विचारलं. मुलीने वही दाखवून सगळं सांगितलं. काळ्या माणसाच्या चौकटीपाशी त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे पुढचं पान मागितलं. मग तो दाराकडे वळला, आधी घाईत न पाहिलेल्या फळीवर त्याने बोटं फिरवली, जोड शोधला, सापडला नाही.

"काका, ये पल्ला किसने बनाया?"

"होता एक सुतार," बाबा म्हणाले.

माणूस दोनदा आला होता, त्याला मोकळ्या हाताने पाठवणं बरं नव्हतं. मी शंभर प्रमाणे दोन खेपांचे दोनशे त्याच्या हातावर ठेवले. तो गेल्यावर मी उरलेले बाराशे पाकिटात परत ठेवत होतो, तेव्हा बाबांनी हाक मारली.

"दार कापाले चौदाशे देत होता तू?"

मी हो म्हटलं.

"आन् बनवाले किती देल्ले?"

मी आठवून पाहिलं. लाकडाचे दिले होते. बोल्ट, बिजागऱ्या, पॉलिश, सगळ्याचे दिले होते, नोंदी आहेत. मजुरीची नोंद नाही. वडिलांना मजुरी द्यायची हे नऊ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्यांनी मागितली नव्हती. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली की मामाजींचं बरोबर आहे.

मी पाकीट पुन्हा उघडलं. बाबांनी पैसे घेतले, एकेक नोट टेबलावर दाबून मोजली आणि पंधराव्या भागाची किंमत किती ते नातीला विचारलं.

त्या रात्री डायरीत लिहिलं: तळचे बोल्ट पाच, पुढच्या वर्षी वगळणे. सुतारास दोन खेपांचे रुपये दोनशे. बाबांस, मागच्या खोलीचं दार, एक नग, मजुरी रुपये बाराशे.